फ्यूजला सूर असतो का?

डबी एखाद्या नथीची असावी तशी होती. आत काळ्या स्पंजच्या खाचेत बोटाच्या पेराएवढी नळी, दोन्ही टोकांना सोनेरी टोप्या आणि अंगावर एक बारीक बाण. लांबी २० मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर. अमेरिकेतल्या पुतण्यानं गुरुजींना पाठवलेला हा फ्यूज. किंमत दीडशे डॉलर, म्हणजे आपले बारा हजार रुपये सहज. अगदी त्याच मापाचा काचेचा फ्यूज भाऊंच्या दुकानात दहा रुपयांना मिळतो.

"हा लावल्यापासून वसंतराव माझ्या खोलीत येऊन बसले आहेत रे," गुरुजी म्हणाले. "पहिल्या दिवशी ऐकलं आणि लगेच पुतण्याला फोन केला. आज तुला दाखवायला म्हणून काढून आणला."

भाऊंनी हातातला सोल्डरिंगचा कैया स्टँडवर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नळी उजेडात धरून पाहिली.

"गुरुजी, फ्यूजचं काम एकच हाये. जळणं. गाणं त्याचं काम नाई."

तिथून सुरू झालेलं बोलणं तीन आठवडे चाललं. त्यातलं बरंचसं माझ्यासमोर झालं आणि मला ते महत्त्वाचं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

शेगावात स्टेशनकडून मंदिराकडे जाताना एका गल्लीत भाऊंचं दुकान आहे. पस्तीस वर्षं ते रेडिओ, टेप, टीव्ही, अँप्लिफायर दुरुस्त करतात. माघातल्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गावोगावच्या भजनी मंडळांचे सेट तिथे एकावर एक रचलेले असतात. गुरुजी निवृत्त मराठी शिक्षक. भाऊ त्यांच्याच हाताखाली दहावी झालेले, म्हणून गुरुजी त्यांना अजूनही अरे-तुरे करतात. गुरुजींचं घर म्हणजे रेकॉर्डचं कपाट आणि त्याभोवती राहिलेली थोडी जागा. त्यात मानाची जागा वसंतराव देशपांड्यांची. वसंतराव मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म. आमच्याच रेल्वेलाइनवर, अकोला ओलांडलं की लागणारं गाव. वऱ्हाडच्या मातीतला हा गळा आहे याचा गुरुजींना घरच्या माणसासारखा अभिमान.

"मला सांग," गुरुजी म्हणाले, "अँप्लिफायरमध्ये येणारी सगळी वीज याच्यातून जाते ना? मग वाटेतली सगळ्यात बारीक, सगळ्यात कमजोर तार हीच. ती चांदीची केली तर फरक का पडू नये?"

"प्रश्न बरोबर हाये. पण वाट पाहा ना गुरुजी, कोणती हाये ते." भाऊंनी एका उघड्या अँप्लिफायरवर बोट ठेवलं. "वीज भिंतीतून आली, फ्यूजमधून गेली, इथं ट्रान्सफॉर्मरमध्ये. तिथून डायोडात. डायोडातून ह्या दोन मोठ्या कंडेन्सरमध्ये. गाणं जे हाये ते ह्या कंडेन्सरमधल्या साठ्यावर चालते. गाण्याची वाट वेगळी, तिकडून रेकॉर्डच्या सुईपासून येते. फ्यूजची अन् गाण्याची गाठच पडत नाई."

"साठा भरतो कुठून? फ्यूजमधूनच ना?"

"हो जी. जशी टाकी मोटारीनं भरते. पण आपल्या खारपाणपट्ट्यात मोटारीच्या पाइपाचा एक सांधा चांदीचा बसवून पाणी गोड झालेलं पाह्यलं का तुमी?"

ही उपमा शेगावच्या माणसाला लगेच पटते. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे खारं पाणी आमच्या पिढ्यांनी प्यायलेलं आहे. पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे भाऊंनाही ठाऊक होतं. त्यांनी मल्टीमीटर काढला आणि टोकं प्लगच्या भोकांत घातली. पडद्यावर २२६ आलं. थोड्या वेळात शेजारची पिठाची चक्की सुरू झाली, ती आम्हाला भिंतीतून जाणवली आणि आकडा २२१ वर उतरला. दोन-तीन सेकंद घोटाळून २२२ वर थांबला.

"हे पाहा. चक्कीनं पाच व्होल्ट खाल्ले. नियमानं २३० च्या वर-खाली ६ टक्के चालते, म्हणजे २१६ पासून २४४ पर्यंत. आता फ्यूजचं पाहू. तुमचा ३.१५ अँपिअरचा. त्याचा रोध ०.०५ ओहमच्याही आत. संध्याकाळी तुमी ऐकता तवा अँप्लिफायर अर्धा अँपिअर घेत असन. गुणाकार करा."

गुरुजींनी पाठीवर हात बांधून गुणाकार केला. "०.०२५ व्होल्ट."

"अन् चक्कीनं किती खाल्ले? पाच. दोनशेपट."

गुरुजी सहज हार मानणारे नव्हेत. पुतण्यानं त्यांना नीट शिकवून पाठवलं होतं. ते म्हणाले, की कंडेन्सर संथपणे भरत नाही, तो झटक्याझटक्यानं भरतो आणि त्या क्षणी करंट सरासरीच्या कितीतरी पट असतो. हे अगदी खरं आहे आणि भाऊंनी ते तिथल्या तिथे मान्य केलं. पाचपट धरू, म्हणाले, ०.१२५ व्होल्ट झाले. तरी चक्कीच्या चाळिसाव्या हिश्श्यात बसतात. आणि बोर्डापासून खोलीपर्यंतची दीडची वायर आहेच. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरला हजार मीटरमागे १२ ओहम रोध असतो. बोर्ड दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे ०.२४ ओहम. फ्यूजच्या जवळपास पाचपट. त्याच्या मागे खांबावरून आलेली सर्व्हिस वायर, त्याच्या मागे डीपी, त्याच्या मागे ११ हजार व्होल्टच्या लाइनीच्या अॅल्युमिनियमच्या तारा.

"पारसची असो का कोराडीची, वीज एवढ्या मैलांवरून अॅल्युमिनियममधून येते," भाऊ म्हणाले, "अन् शेवटचा पाऊण इंच चांदीचा झाला म्हणून ती सुधारते, हे मले पटत नाई."

मग बाणाचा विषय निघाला. फ्यूजसोबतच्या कागदावर लिहिलं होतं की बाण अँप्लिफायरकडे हवा. आवाज दबल्यासारखा वाटला तर नळी फिरवून उलटी बसवावी. गुरुजींनी तसं केलं होतं आणि त्यांना फरक जाणवला होता. भाऊंनी शांतपणे विचारलं, "गुरुजी, आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते. म्हणजे सेकंदात शंभरदा दिशा बदलते. बाण तिले कोणती दिशा दाखवन?" यावर गुरुजी काही बोलले नाहीत. पण त्यांचा चेहरा पटलेल्या माणसाचा नव्हता. तो दुखावलेल्या माणसाचा होता.

आणि ते दुखावणं मला समजतं. ज्यानं चाळीस वर्षं कान तयार केला, त्याला दुसऱ्यानं येऊन 'तुम्ही ऐकलं ते ऐकलंच नाही' म्हणायचं, हा उद्धटपणाच आहे. भाऊ असं म्हणाले नव्हते. तरी गुरुजींना ऐकू गेलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते तयारीनं. त्यांचा मुद्दा मला आजही या वादातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

"तानपुरा पाहिलास ना? घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. दोन बोटांत धरता येणार नाही इतका बारीक. तो केसभर पुढं-मागं झाला की तानपुरा बोलतो किंवा मुका होतो. मिरजेच्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या त्या जवारीत आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय लाकडासाठी? तू मीटर घेऊन गेलास तर तो दोरा तुला किती दाखवेल? शून्य. मग लहान गोष्टीनं काही होत नाही, असं म्हणणारा तू कोण?"

भाऊ बराच वेळ गप्प राहिले. समोरच्या रेडिओचा कॉइल उगाच बोटानं फिरवत होते.

"लहान गोष्टीनं काई होत नाई असं मी म्हणत नाई, गुरुजी. दोरा तारेले टेकते. तार हाच आवाज हाये. म्हणून दोरा लहान असून राजा हाये. फ्यूज कायले टेकते, येवढंच मी विचारतो. अन् दुसरं सांगू? मिरजेच्या कारागिराच्या डोळ्याले पट्टी बांधा. दोरा काढला का घातला, ते तो दहापैकी दहादा सांगन. त्याच्यासाठी त्याले डबी दाखवावी लागत नाई."

भाऊंनी आणखी एक गोष्ट केली, ज्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. त्यांनी गुरुजींच्या बाजूनं असलेला पुरावा स्वतःहून मांडला. जुन्या काही अँप्लिफायरांत फ्यूज स्पीकरच्या वाटेवरही असतो. तिथे मात्र गाणं खरोखर फ्यूजमधून जातं. खर्जाचा मोठा सूर आला की तार तापते. तांबं अंशामागे साधारण ०.४ टक्का रोध वाढवतं. सूर जितका खालचा, तितका तारेला एकेका हेलकाव्यात तापायला आणि निवायला वेळ मिळतो. रोध असा त्या सुराबरोबरच वर-खाली होऊ लागला की आवाज बिघडतो. इंग्लंडच्या डग्लस सेल्फ यांनी अँप्लिफायरवरच्या आपल्या ग्रंथात हे मोजून दाखवलं आहे.

"बिघडतो म्हणजे काय होतं?" गुरुजींनी विचारलं.

"तिपटीचा सूर त्याच्यात शिरते."

गुरुजी एकदम उजळले. मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा सूर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. मंद्र षड्ज वाजतो आहे आणि त्यात मध्य सप्तकाचा पंचम चोरपावलांनी मिसळतो आहे. गायकाला हे सांगायला मीटर लागत नाही. त्यांनी तिथेच सा लावला आणि त्याच्यावर पंचम गुणगुणून दाखवला. दुकानात कैयाचा धूर, टीनचे तुकडे, आणि त्यात हा सा-प. मला ती संध्याकाळ विसरता येणार नाही.

"पण त्याचाही इलाज महाग फ्यूज नाई," भाऊ म्हणाले. "सोन्याची टोपी घाला नाई तर रुप्याची तार, तापणारी धातू तापणारच. इलाज म्हणजे फ्यूज त्या वाटेवरून काढणं अन् स्पीकरच्या रक्षणाले दुसरं सर्किट लावणं. तुमच्या अँप्लिफायरमध्ये तसंच हाये. तुमचा फ्यूज फक्त मेनवर हाये, पाठीमागच्या टोपीत."

मग गुरुजींनी ते बोलून दाखवलं, जे शेगावात केव्हा ना केव्हा निघणारच होतं. "अरे, या गावात राहतोस आणि श्रद्धेला नाही म्हणतोस? सगळं मोजूनच घ्यायचं का?"

भाऊ हात धुऊन आले. रुमालाला पुसत म्हणाले, "महाराजांच्या पायाशी मी मीटर घेऊन जात नाई, गुरुजी. तिथं कोणी मले म्हणत नाई का बारा हजार दे मंग दर्शन चांगलं होईन. दर्शनाले पैसा नाई, महाप्रसादाले पैसा नाई. तिथलं माझं मी जाणतो. हा फ्यूज मात्र म्हणते का मी आवाज बदलतो. बदलते म्हणते त ऐकू आलंच पाह्यजे. अन् मी मीटरलेही विचारत नाई. तुमच्या कानालेच विचारतो. फक्त डोयाले नाई."

गुरुजींनी डोळे मिटून ऐकण्याला विरोध केला. परीक्षा म्हटली की कान आखडतो, ते म्हणाले. घाईत दोनदा ऐकून काय कळणार, फरक सावकाश मुरतो. हा आक्षेप पोकळ नाही. अनेक जाणते श्रोते हेच म्हणतात. भाऊंनी त्यांना उत्तर दिलं ते त्यांच्याच आयुष्यातून.

"तुमी अमरावती बोर्डाचे पेपर किती वर्षं तपासले?"

"वीसेक."

"त्याच्यावर पोरायची नावं होती?"

"नाही. नाव झाकलेलं असतं."

"कायले झाकतात? तुमी बेइमान होते म्हणून?"

गुरुजी थांबले. त्यांना उत्तर माहीत होतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत असतं. नाव झाकतात ते तपासनीस लबाड असतो म्हणून नव्हे. नाव दिसलं की सज्जन माणसाचीही लेखणी हलते आणि ती हलल्याचं त्याला स्वतःला कळत नाही, म्हणून. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघा संशोधकांनी स्पीकरबाबत हेच करून पाहिलं. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा डोळ्यांसमोर, एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना लोकांनी दिलेले गुण वेगळे आले. लहान आणि स्वस्त दिसणारा स्पीकर नुसता दिसल्यामुळे मागे पडला. त्या श्रोत्यांत अनुभवी कानांची माणसंही होती.

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "पण घाई नको. माझ्या खोलीत, माझ्या वेळेला, माझी रेकॉर्ड."

"दहा दिवस घ्या."

असं ठरलं: गुरुजींच्या शेजारी अभियांत्रिकी कॉलेजात शिकणारा एक मुलगा राहतो. त्यानं रोज संध्याकाळी सातला यायचं, गुरुजींना स्वयंपाकघरात बसवायचं, अँप्लिफायरचा प्लग काढायचा आणि नाणं उडवायचं. छापा आला तर महाग फ्यूज, काटा आला तर दहा रुपयांचा. कालचाच ठेवायचा असला तरी काढून पुन्हा बसवायचा, म्हणजे टोपी फिरवण्याच्या आवाजावरून काही कळू नये. नोंद स्वतःच्या वहीत ठेवायची आणि गुरुजींना तोंड न दाखवता निघून जायचं. गुरुजींनी हवा तितका वेळ ऐकायचं आणि आपल्या वहीत लिहायचं: महाग की साधा.

परीक्षेआधी भाऊंनी फ्यूजची टोपी उघडून पाहिली, आणि इथे एक गोष्ट सापडली. होल्डरच्या आतली स्प्रिंग काळी पडली होती आणि तिचा ताण गेला होता. महाग फ्यूज येण्याच्या आधी गुरुजी अधूनमधून खरखर येते म्हणून तक्रार करत होते. सैल जोडावर बारीक ठिणगी पडली की ती स्पीकरमध्ये खरखर होऊन येते. महाग फ्यूज बसवताना जुनी नळी निघाली, नवी घासत आत गेली, स्प्रिंगवरची काजळी थोडी खरवडली गेली, आणि खरखर थांबली. म्हणजे पहिल्या दिवशी गुरुजींनी जे ऐकलं ते खरं होतं. आवाज सुधारलाच होता. जुनाच फ्यूज काढून पुन्हा घातला असता तरी सुधारला असता. भाऊंनी नवा होल्डर बसवला, पंचवीस रुपयांचा, आणि मग दहा दिवस मोजायला सुरुवात झाली.

मला वाटतं, अशा वादांत आपण इथेच चुकतो. एक बाजू म्हणते फरक ऐकला, दुसरी म्हणते भास आहे. फरक कशानं पडला, हे शोधायला दोन्हीकडे कुणी टोपी उघडत नाही.

ते दिवस मृग लागण्याच्या आगेमागे होते. पालखी पंढरपूरच्या वाटेला लागलेली, गावात उन्हाची झळ. गुरुजी रोज ऐकत होते. कधी वसंतरावांचं नाट्यगीत, कधी नुसती ठुमरी. वहीत ते एका शब्दावर थांबत नव्हते; कारणंही लिहीत होते. 'डग्गा सुटा.' 'तानेचा शेवट गढूळ.' शिक्षकाचं अक्षर, टपोरं आणि सरळ.

दहाव्या दिवशी दोन्ही वह्या भाऊंच्या दुकानात शेजारी शेजारी उघडल्या. दहापैकी सहा बरोबर.

"सहाचा अर्थ काय धरायचा?" गुरुजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मुलानं पाटीवर हिशेब केला. नाणं दहा वेळा उडवलं तर १,०२४ प्रकारे पडू शकतं. त्यातल्या ३८६ प्रकारांत सहा किंवा त्याहून जास्त अंदाज बरोबर येतात. म्हणजे कान बंद ठेवून नुसतं लिहिलं असतं तरी शंभरातून सदतीस-अडतीस वेळा इतकं जमलं असतं. नऊ बरोबर आले असते तर गोष्ट वेगळी होती. नऊ किंवा दहा बरोबर येण्याचे प्रकार फक्त ११. भाऊंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की गुरुजींचे नऊ आले तर मी माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहीन, माझं चुकलं.

गुरुजींनी वही स्वतःकडे ओढली आणि सहाव्या दिवसाच्या नोंदीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: 'आज आवाज इतका मोकळा की वसंतरावांचा श्वास ऐकू आला. नक्की महाग.' मुलाच्या वहीत त्या दिवशी काटा होता. साधा फ्यूज.

"पण मी श्वास ऐकला रे," गुरुजी म्हणाले. "त्याबद्दल मी शपथ घेईन."

"ऐकलाच असन," भाऊ म्हणाले. "त्या दिवशी काय होतं?"

सगळे आठवू लागलो. त्या दिवशी दुपारी पहिला पाऊस पडला होता. संध्याकाळी गार झालं होतं. गुरुजींनी कूलर बंद ठेवला होता.

एप्रिलपासून दोन महिने शेगावातलं प्रत्येक घर कूलरच्या घरघरीत राहतं. तो आवाज आम्हाला ऐकूही येत नाही, इतका तो अंगवळणी पडतो. तो थांबला आणि त्याच्याखाली दबलेला वसंतरावांचा श्वास वर आला. गुरुजींच्या कानानं फरक पकडला होता, अचूक पकडला होता. श्रेय मात्र चुकीच्या खात्यावर जमा झालं होतं.

महाग फ्यूजचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. भाऊंनी भिंग लावून त्याच्या टोप्या वाचल्या. अँपिअरचा आकडा होता, पण तपासणी करणाऱ्या कुठल्याही संस्थेचा शिक्का नव्हता. ना आयएसआय, ना व्हीडीई. फ्यूजचा कस गाण्यात लागत नाही, आत शॉर्ट होतो त्या क्षणी लागतो. तेव्हा त्यातून शेकडो अँपिअर धावू पाहतात, आणि फ्यूजनं नुसतं वितळून चालत नाही, तुटलेल्या टोकांमधली ज्वाळाही विझवावी लागते. काचेचा साधा फ्यूज साधारण ३५ अँपिअरपर्यंत हे काम करतो. वाळू भरलेला सिरॅमिकचा १,५०० पर्यंत. ज्याचा हा आकडाच कुणी तपासलेला नाही, तो घरात लावणं भाऊंना मान्य नव्हतं. गुरुजींनी वाद घातला नाही. डबी पुतण्याच्या प्रेमाची खूण म्हणून कपाटात राहिली.

त्यानंतरच्या महिन्यात भाऊंनी गुरुजींच्या खोलीत जी कामं केली, त्यांतल्या प्रत्येकाचा फरक गुरुजींनी डोळे मिटून ओळखला. रेकॉर्डची सुई झिजली होती, ती बदलली. स्पीकर भिंतीला टेकून होते, ते हातभर पुढं आणले. खर्जाची गुणगुण गेली. समोरच्या उघड्या भिंतीवर सौभाग्यवतींची जुनी गोधडी टांगली. सगळ्यात मोठं काम अर्थिंगचं निघालं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. मीठ-कोळसा घालून खड्डा नव्यानं भरला, त्यात पाणी सोडलं, आणि कित्येक वर्षं रेकॉर्डच्या दोन गाण्यांमध्ये जी मंद घूं ऐकू येत होती ती थांबली. या सगळ्याला फ्यूजच्या किमतीचा निम्मा पैसाही लागला नाही.

वाचकांना एकच विनंती. फ्यूज उडाला तर त्यावर तार गुंडाळू नका, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका आणि मोठा अँपिअर बसवू नका. टोपीवर टी लिहिलं असेल तर सावकाश उडणारा, एफ लिहिलं असेल तर झटकन उडणारा, जो असेल तोच आणा. अँप्लिफायर सुरू होताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर मोठा करंट खेचतो म्हणून तिथे बहुधा टी असतो. एफ बसवला तर तो पुन्हापुन्हा उडतो आणि मग माणूस तारेकडे वळतो. तोच आकडा, तेच अक्षर, आणि शिक्का असलेला फ्यूज घ्या. गुरुजींच्या अँप्लिफायरमध्ये सध्या तसाच आहे. दहा रुपयांचा.